लेस्टर आणि ब्रॅडफर्ड: हिशेब कुठून मांडायचा?

ब्रिटनमध्ये काही वर्षे राहून आलेला मराठी माणूस गप्पांच्या ओघात एक तुलना हटकून करतो. लेस्टरचे गुजराती बघा, आफ्रिकेतून अंगावरच्या कपड्यांनिशी आले आणि दोन पिढ्यांत दुकाने, घरे, डॉक्टर झालेली मुले असे सगळे उभे केले. आणि ब्रॅडफर्डचे पाकिस्तानी बघा, साधारण त्याच काळात आले, अजून टॅक्सीच चालवताहेत. बोलणारा बहुधा इथेच थांबतो. कारण उच्चारायची त्याला गरज वाटत नाही, ते ऐकणाऱ्याच्या मनात आधीच तयार असते. एक जमात कष्टाळू, दुसरी आळशी. एक शिकणारी, दुसरी कर्मठ.

हे उत्तर इतक्या सहजी हाती येते की ते तपासून घ्यायला हवे. अशाच एका उत्तराचा मार आपणही खाल्ला आहे. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य आपल्याबद्दल इतरांनी म्हटले, मग आपणही म्हणू लागलो, आणि भांडवल कोणाकडे होते, पेढ्या कोणाच्या होत्या, उधारी कोणाला मिळत होती, हे प्रश्न मागे पडले.

आधी आकडे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१८ सालासाठी काढलेल्या हिशेबात भारतीय वंशाच्या नोकरदारांचे तासाचे मध्यक वेतन १३.४७ पौंड होते, गोऱ्या ब्रिटिशांचे १२.०३ आणि पाकिस्तानी वंशाच्यांचे १० पौंड. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या भारतीय वंशाच्या शंभरातल्या ७४ कुटुंबांचे घर स्वतःच्या मालकीचे होते, पाकिस्तानी वंशाच्या ५८ कुटुंबांचे. म्हणजे तफावत खरी आहे आणि मोठी आहे. ती नाकारणाऱ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

पण या आकड्यांत लेस्टरचा गुजराती वेगळा सापडत नाही. ‘भारतीय’ या एका रकान्यात लंडनच्या साउथॉलचे पंजाबी आहेत, सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर आहेत, आणि पुण्या-हैदराबादहून अलीकडे गेलेले सॉफ्टवेअर इंजिनिअरही आहेत. या शेवटच्या मंडळींना ब्रिटनने पदवी आणि पगार पाहूनच व्हिसा दिला. निवडून घेतलेल्या माणसांचा पगार जास्त असणार हे उघड आहे. ‘पाकिस्तानी’ रकान्यातही लाहोर-कराचीचे उच्चशिक्षित आहेतच, पण तिथे निम्म्याहून अधिक लोकांची मुळे मीरपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखात आहेत असे मानले जाते. तेव्हा आपण तुलना करतो आहोत ती मुळात दोन देशांची नव्हे, दोन वाटांची. युगांडा-केनियाहून लेस्टरला गेलेली एक, आणि मीरपूरहून ब्रॅडफर्डला गेलेली दुसरी.

मीरपूर पाकव्याप्त काश्मीरच्या दक्षिण टोकाला आहे. कोरडवाहू शेती, तुकड्या-तुकड्यांची जमीन, कारखाना म्हणावा असा नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथले पुरुष बाहेर पडत आले. कोणी फौजेत, कोणी आगबोटींच्या भट्टीत कोळसा टाकायला. फाळणीपूर्वी यांतले कित्येक मुंबईच्या गोदीतूनच बोटीवर चढत. मग १९६० मध्ये सिंधू पाणीवाटपाचा करार झाला आणि झेलमवर मंगला धरण बांधायला घेतले. १९६७ पर्यंत ते पूर्ण झाले. जुने मीरपूर शहर आणि भोवतालची शेकडो गावे पाण्याखाली गेली, लाखाहून अधिक माणसे उठली. त्याच वर्षांत आपल्याकडे कोयनेचे पाणी चढत होते, त्यामुळे धरणग्रस्त या शब्दात काय काय भरलेले असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मीरपूरच्या या विस्थापितांतल्या काहींना ब्रिटनमध्ये कामाचे परवाने मिळाले. शिवाय १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातल्या लोकांवर प्रवेशबंधने येणार हे कळताच, दार बंद व्हायच्या आत पोचावे म्हणून गावेच्या गावे तिकिटाच्या मागे लागली. चुलत्याने बोलवायचे, भावांनी मिळून पैसे जमवायचे, एकाने जायचे.

तो एकजण ब्रॅडफर्डला काय करत होता, हे गिरणगावाची आठवण असलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. लोकरीची गिरणी, रात्रपाळी, एका घरात दहा-पंधरा पुरुष, दिवसपाळीवाला उठला की त्याच खाटेवर रात्रपाळीवाला झोपणार. आठवड्याच्या पगारातून आपल्यापुरते ठेवायचे आणि उरलेले गावाला. आपले सातारा-रत्नागिरीचे चाकरमानी नेमके असेच जगले आणि मनिऑर्डरवर गावची चूल पेटती राहिली. चाकरमान्याचा जीव गावात असतो. मुंबईत त्याने भाड्याच्या खोलीत आयुष्य काढले आणि गावी घराला कौले चढवली. मीरपूरच्या माणसानेही तेच केले. मुहम्मद अन्वर या अभ्यासकाने १९७९ साली ब्रिटनमधल्या पाकिस्तान्यांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘द मिथ ऑफ रिटर्न’ आहे. परत जायचे आहे ही कल्पना मनातून जात नव्हती, आणि तोवर कमाईची गुंतवणूक ब्रॅडफर्डमध्ये न होता मीरपूरच्या दुमजली-तिमजली घरांत होत होती.

आता दुसरी वाट. ४ ऑगस्ट १९७२ ला हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनला आली. सोबत पन्नासेक पौंडांपलीकडे काही नेऊ दिले नाही. लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे कळवले. हे लोक ऐषारामात आले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. लष्कराच्या जुन्या छावण्यांत त्यांनी पहिला हिवाळा काढला. कंपालात पेढी चालवणारा माणूस लेस्टरच्या कारखान्यात यंत्रापुढे उभा राहिला. १९७४ मध्ये तिथल्या इम्पीरियल टाइपरायटर कारखान्यात बोनस आणि बढतीतल्या भेदभावाविरुद्ध आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा गोऱ्या युनियनने त्यांची पाठ राखली नाही. पुढच्या वर्षी कारखानाच बंद पडला.

तरीही खिशात पैसे नसणे आणि हाती काही नसणे यांत फरक आहे. ही मंडळी पूर्व आफ्रिकेत दोन-तीन पिढ्या व्यापारात मुरलेली होती. दुकान या आपल्या शब्दावरून स्वाहिलीत ‘डुका’ शब्द रुळला असे म्हणतात, इतकी. त्यांची मुले इंग्रजी अंमलातल्या शाळांत शिकलेली होती, हिशेब आणि पत्रव्यवहार इंग्रजीत करायची सवय होती. घाऊक माल कसा उचलायचा, उधारी कोणाकडून आणि किती घ्यायची, ओळखीवर भांडवल कसे उभे करायचे, हे अमीनला विमानतळावर जप्त करता आले नाही. केनियातून त्याआधी, १९६८ च्या सुमारास, आलेल्यांपैकी काहींना थोडी पुंजीही आणता आली होती आणि लेस्टरमध्ये त्यांचा जम बसू लागला होता. शिवाय अमीनने परतीची वाट तोडली होती. पैसा पाठवायला मागे गाव उरले नव्हते, त्यामुळे मिळवलेला प्रत्येक पौंड लेस्टरमध्येच मुरला. माझ्या मते दोन्ही समाजांच्या आजच्या आर्थिक स्थितीत सर्वांत मोठा फरक इथे पडला, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

दुसरा फरक शहरांचा. लेस्टरमध्ये होजिअरी, बूट, यंत्रे, खाद्यपदार्थ असे अनेक उद्योग होते. एक बसला तर दुसरा होता. ब्रॅडफर्ड लोकरीवर उभे होते आणि लोकर मरत होती. नवी महागडी यंत्रे चोवीस तास चालवल्याशिवाय परवडत नव्हती, रात्रपाळीला गोरे कामगार तयार नव्हते, म्हणून मीरपूरची माणसे आणली गेली. एका बुडत्या धंद्याचे आयुष्य थोडे लांबवायला ते तिथे होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरण्या मिटल्या तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले, इंग्रजी वाचता न येणारे हजारो पुरुष एकदम बेकार झाले. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागला जे झाले त्यात कामगारांच्या स्वभावाचा दोष कोणी शोधला नाही. ब्रॅडफर्डच्या वाट्याला तेवढा समजूतदारपणा का येऊ नये?

नोकरी गेल्यावर पुष्कळ जण टॅक्सीकडे वळले. लेस्टरचा गुजराती त्याच अडचणीत कोपऱ्यावरचे दुकान घेत होता. सरकारी नोंदीत दोघेही स्वयंरोजगारी. पण दुकानाला जागा असते, गिऱ्हाइकी असते, ते मुलाला देता येते किंवा विकता येते. टॅक्सीची कमाई स्टिअरिंगवरचा हात उचलला की थांबते.

इथवरचा हिशेब परिस्थितीचा झाला. तेवढ्यावर थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. लेस्टरच्या गुजराती बायका आल्या आल्या होजिअरीच्या शिलाई यंत्रांवर आणि कारखान्यांच्या पट्ट्यांवर उभ्या राहिल्या. घरात पहिल्या वर्षापासून दोन पगार आले. लंडनच्या ग्रनविक कारखान्यातल्या संपाचे नेतृत्व १९७६ मध्ये साडी नेसलेल्या जयाबेन देसाईंनी केले, त्या टांझानियाहून आलेल्या होत्या. मीरपूरच्या बायका पुरुषांच्या मागून, उशिरा आल्या. त्यांतल्या कित्येक घरी बसून तुकड्यावर शिलाई करत, आणि ते काम कोणत्या आकडेवारीत आले नाही, हे मान्य. पण बाहेर कामाला जाण्यावर घरच्यांचा आणि बिरादरीचा पहारा होता, हेही खरे आहे. पुढच्या पिढ्यांतही पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांचे नोकरीतले प्रमाण भारतीय वंशाच्या स्त्रियांपेक्षा बरेच कमी राहिले. एका पगारावर चालणारे मोठे कुटुंब गरीब राहते, ते लेस्टरला असो की लातूरला.

लग्नांचेही तसेच. ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ या दीर्घ अभ्यासात २००७ ते २०१० या काळातल्या पाकिस्तानी वंशाच्या मातांपैकी सुमारे ६० टक्क्यांचे लग्न नात्यात झालेले आढळले. अनेकदा जोडीदार मीरपूरहून आणलेला असे. म्हणजे दर पिढीत आई किंवा बाप इंग्रजीचा श्रीगणेशा गिरवतो आणि मुलाच्या अभ्यासात त्याचा उपयोग होत नाही. त्याचा आर्थिक भुर्दंड या समाजाने सोसला आहे, आणि हे म्हणणे म्हणजे त्यांचा द्वेष करणे नव्हे. मात्र या प्रथेलाही एक हिशेब होता. ज्या भावाने जमीन गहाण टाकून तिकिटाला पैसे दिले, त्याची परतफेड कशी करायची? १९७१ च्या स्थलांतर कायद्याने मजुरांसाठी दार जवळपास बंद केल्यावर ब्रिटनमध्ये येण्याची मुख्य वाट लग्नाचीच उरली. मुलगी देणे हे ऋण फेडणे झाले. जिला दिली तिचे मत किती विचारले गेले, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता, आणि माझा आक्षेप तिथे आहे. दहा वर्षांनी त्याच अभ्यासात हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आले. मुली शिकल्या, तसे ते उतरले.

मग स्वभाव आणि संस्कृतीला किती गुण द्यायचे? काही द्यावे लागतील, पण यादीच्या शेवटी. याची परीक्षा आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत होते आहे. पाकिस्तानी वंशाची मुले गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा अधिक प्रमाणात विद्यापीठात जातात. तरी त्यांचे वेतन मागे राहते. सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून केलेल्या चाचण्यांत पाकिस्तानी नावाच्या उमेदवाराला मुलाखतीचे बोलावणे कमी वेळा येते, असे पुन्हा पुन्हा दिसले आहे. बापाकडे हुन्नर नव्हता, हे मुलाला लागू पडत नाही. त्याच्या आड काय येते, याचे उत्तर नोकरी देणाऱ्यांना द्यावे लागेल.

एक-दोन ठळक नावे पुढे करून हा वाद मिटत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्री झालेल्या प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडाचे गुजराती. २०२५ मध्ये त्याच खुर्चीत बसलेल्या शबाना महमूद यांच्या घराण्याचे मूळ मीरपूरचे. खुर्ची एकच, पण त्यावरून ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम भागातल्या घरातली मिळकत कळत नाही. तसेच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची सोन्याची दुकाने पाहून तिथल्या शिलाईच्या कारखान्यांत काय चालते ते कळत नाही. किमान वेतनाच्या निम्म्यावर तिथे कपडे शिवून घेतले जात असल्याचे २०२० मध्ये जगापुढे आले. राबणाऱ्यांत आणि राबवून घेणाऱ्यांत दोन्हीकडे आशियाई होते. ‘यशस्वी समाज’ म्हटले की त्यातले गरीब आधी नजरेआड होतात.

युगांडात १९८६ मध्ये सत्ता बदलली आणि हाकलून दिलेल्यांच्या मालमत्ता परत करण्याच्या कामाला जोर आला. काही घराणी परतली, अनेकांनी कागद सोडवून घेतले, इमारती विकल्या आणि पैसा ब्रिटनला आणला. मीरपूरला याच्या उलट झाले. २००४ मध्ये मंगला धरणाची भिंत आणखी ३० फूट चढवायला घेतली आणि पुन्हा हजारो कुटुंबे उठली. या खेपेला पाण्याखाली गेलेल्यांत ब्रॅडफर्डच्या रात्रपाळीच्या पैशांतून बांधलेली घरेही होती. हिवाळ्यात तलाव आटला की जुन्या मीरपूरच्या देवळांचे आणि दर्ग्यांचे माथे चिखलातून वर येतात, आणि इंग्लंडहून सुटीला आलेली माणसे, बरोबरच्या मुलांना आपले घर कुठे होते ते बोटाने दाखवत, त्या चिखलात चालत जातात.