सराफ्याची रात्रशाळा

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि दीर्घकाळच्या प्रशासकीय अमलानंतर बुलढाणा जिल्ह्यातील नगरपालिकांत लोकनियुक्त सभासद पुनश्च रुजू झाले. तेव्हा परगावी जाऊन तेथील बाजारपेठेचे अवलोकन करावे आणि त्या धर्तीवर आपल्या पेठेचा जीर्णोद्धार करावा, अशी ऊर्मी सभागृहात उठण्याचा मुहूर्तही जवळ आला असावा. आजवरचा शिरस्ता तसाच आहे. स्थळही बहुधा ठरलेले असते, ते म्हणजे इंदूर. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सात वर्षे लागोपाठ पहिले आलेले, ‘छप्पन दुकान’ ही खाद्यपेठ २०२० मध्ये वाहनमुक्त करून दाखविलेले आणि होळकरांमुळे मराठी माणसाला निम्मे आपलेच वाटणारे हे शहर पाहण्याजोगे आहे, याविषयी दुमत नाही. महाराष्ट्रातील कितीतरी शिष्टमंडळांनी ते पाहिलेही आहे.

अडचण आहे ती वेळेची. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खवय्यांचा, आणि शिष्टमंडळाचा कल कोणत्या प्रहराकडे असतो हे सांगावयास नको. भुट्ट्याचा किस, गराडू आणि जिलबी यांचा अभ्यास सखोल होतो. परंतु खवय्ये पांगल्यावर ती गल्ली झाडून काढणारी माणसे येतात तेव्हा अभ्यासक निद्राधीन असतात, आणि ओला-सुका कचरा दारोदार निरनिराळा घेणारी गाडी फिरते तेव्हा ते न्याहारीला बसलेले असतात. मग अहवालात उतरतात ते फरसबंदी, दिव्यांचे खांब आणि कारंजे, कारण त्यांची निविदा काढता येते. मुकादमाने पहाटे घेतलेल्या हजेरीची निविदा निघत नाही. नेमक्या त्या मुकादमालाच दौऱ्यावर कोणी नेत नाही, हा आमचा जुना आक्षेप आहे.

खामगावास तर हे शिष्यत्व विशेष विजोड दिसते. जलंबपासून आठ मैलांचा लोहमार्ग ज्या गावाच्या कापसासाठी टाकला गेला आणि १८७० मध्ये ज्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, ते हे गाव. त्या काळी पेठ पाहण्यास लोक खामगावास येत, खामगावकर कोठे जात नसत. चांदीचा लौकिक तर आजही टिकून आहे, म्हणजे सराफा पाहण्यासाठी सातपुडा ओलांडण्याचे वस्तुतः कारण नव्हते. कारण एकच संभवते, आणि ते म्हणजे आपल्या सराफ्यात रात्री जिलबी मिळत नाही.

पेठ कोंडते ती मुख्यतः वाहनांनी आणि रस्त्यावर जागा न नेमलेल्या हातगाड्यांनी. हातगाड्यांची तजवीज पथविक्रेता अधिनियम, २०१४ याने करून ठेवली आहे: प्रथम विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत, विक्रीच्या जागा ठरवाव्यात, आणि हे सर्व अशा समितीच्या सल्ल्याने व्हावे, जिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असतील. हा कायदा इंदुरास जाऊन आणावयाचा नाही; तो प्रत्येक मुख्याधिकाऱ्याच्या दफ्तरी आहेच. त्याची फाइल कोठवर आली आहे याची विचारणा करण्यास प्रवासभत्ता लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती होत नसावी.

तरीही प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी शेगावास जावे. लाखोंची गर्दी असताना रांग कशी चालते, पाण्याची जागा कोरडी कशी राहते, वेतन न घेणारे सेवाधारी पाळीपाळीने येऊन विनातक्रार केर कसा काढतात, हे गजानन महाराज संस्थानात परप्रांतीयही कौतुकाने पाहून जातात. जाताना सफाईचा मुकादम, दोन दुकानदार आणि एक हातगाडीवाला यांना सोबत घ्यावे, आणि पोहोचावे ते पहाटे. खाण्याची चिंता नको, स्टेशनावर कचोरी मिळते. खामगावाहून हे अंतर वीस किलोमीटरांच्याही आत आहे. एवढ्या अंतरास मुक्कामाचा भत्ता मात्र मंजूर होत नसावा.