रंगमंच व्यवस्था : इतर सर्व

आपल्या महाविद्यालयाच्या एकांकिकेचे माहितीपत्रक कधी शेवटपर्यंत वाचले आहे का? लेखकाचे नाव ठळक असते, दिग्दर्शकाचे त्याहून ठळक. मग कलाकारांची नावे. नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा यांना एकेक ओळ मिळते. आणि अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, लिहिलेले असते : 'रंगमंच व्यवस्था : इतर सर्व'. या इतर सर्वांपैकी मी एक. दोन वर्षे हे पद भूषवल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

विंगेत मी आपण होऊन गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. पहिल्या वर्षी निवड चाचणीत जो उतारा वाचायला दिला होता त्यात 'पाणी' हा शब्द दोनदा होता, आणि मी दोन्ही वेळा 'पानी' म्हटले. आमच्या गोवंडीत स्टेशनपासून बैंगनवाडीपर्यंत पाण्याला पानीच म्हणतात. इतर पुष्कळ बाबतींत भांडणारी माणसे या एका बाबतीत एकमताची आहेत. परीक्षक हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. त्यांनी माझ्या नावापुढे फक्त 'बॅकस्टेज' असे लिहिले. तिथे गेल्यावर पाहते तो मानखुर्दचा एक मुलगा, अडखळत बोलणारा एक आणि उंचीत कमी पडलेली एक मुलगी आधीच बसलेली. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी उचलावे, असा तो एकंदर हिशेब होता. त्यातही मुलींनी टेबलखुर्च्या उचलायच्या नाहीत म्हणून मला कपडेपट मिळाला. पुढे मुलगे कमी पडले तेव्हा टेबलेही मिळाली.

माझे म्हणणे थोडक्यात असे : रंगमंचाची आणि निर्मितीची व्यवस्था हा विद्यापीठात रीतसर शिकण्याचा विषय आहे आणि तो आपल्यासारख्या कला महाविद्यालयात, बी. ए. च्या वर्गापासून, गुणांसकट शिकवला गेला पाहिजे. हे मत मला पुस्तकातून सुचलेले नाही. ते एका मेणबत्तीमुळे सुचले.

मागच्या वर्षीच्या एकांकिकेत वीज नसलेल्या एका जुन्या वाड्याचा प्रवेश होता. खऱ्या ज्योतीशिवाय वातावरण यायचे नाही, असा दिग्दर्शकाचा आग्रह. वाड्याच्या भिंती म्हणजे तीन फ्लॅट, त्यांवर खळीने चिकटवलेली रद्दी आणि वर मातकट रंग. माझ्या यादीत 'मेणबत्त्या ५, काडेपेटी १' अशी नोंद होती. पाण्याची बादली किंवा वाळू यांची नोंद नव्हती, कारण ती मी केलीच नव्हती. स्पर्धेच्या दिवशी काळोखात कोणाची तरी शाल लागून एक मेणबत्ती आडवी झाली आणि मधल्या फ्लॅटच्या खालच्या कडेला कागद पेटला. माझ्या हातात पुढच्या प्रवेशाची पत्राची पेटी होती. ती घेऊन मी उभीच राहिले. नाटक थांबवायचे की नाही, पडदा पाडायचा की नाही, दिवे पूर्ण लावायला कोणी सांगायचे, यातले काहीच आमचे ठरलेले नव्हते. दिग्दर्शक प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत बसला होता.

तेवढ्यात नाट्यगृहातले पडदा ओढणारे काका शांतपणे चालत आले, हातातले ओले पोते त्यांनी कडेवर दाबून धरले आणि आले तसे परत गेले. प्रेक्षकांना ते नाटकातलेच वाटले. प्रयोग संपल्यावर मी त्यांचे आभार मानायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, पडद्याच्या दोरीवर माझा हात होता. पण पाड म्हणायचं कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढे जगातल्या नाट्यगृहांच्या आगींविषयी वाचताना कळले, की ते उत्तर नसल्यामुळे माणसे मेली आहेत. इजिप्तमधील बेनी सुएफ येथे ५ सप्टेंबर २००५ रोजी एका हौशी नाट्यमहोत्सवात असाच प्रयोग चालू होता : कागदाचे नेपथ्य, खऱ्या मेणबत्त्या, बंदिस्त दालन. एक मेणबत्ती पडली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत नट होते, दिग्दर्शक होते, समीक्षक होते. शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी दिव्याच्या ठिणगीने पडद्याचे कापड पेटले. आगीला अडवणारा खास पडदा तिथे होता, पण तो वाटेत अडकला. सहाशेंहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. आगीचे आणि धुराचे आम्हां गोवंडीकरांना नवल नाही. देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारीत आग लागली, तो धूर लहानपणी आम्ही नाकावर रुमाल धरून सोसला आहे. पण तो धूर आपल्या हातातल्या वहीमुळे टळला असता, असे म्हणण्याची सोय नव्हती. इथे होती.

म्हणून वहीकडे वळते, कारण या विषयाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः ही वहीच आहे. एका बाजूला संहितेचे पान, समोर कोरे पान. कोऱ्या पानावर क्रमांक घालून प्रत्येक खूण लिहायची : कोणत्या शब्दावर कोणता दिवा, कोणत्या श्वासावर संगीत, कोण कोणत्या विंगेतून काय घेऊन आत जाणार आणि ती वस्तू बाहेर कोण आणणार. खुणेच्या आधी 'तयार' म्हणायचे, शब्द आला की 'गो'. हे दोन उच्चार एकाच माणसाने करायचे आणि पडदा पडेपर्यंत इतरांनी त्याचे ऐकायचे, दिग्दर्शकानेसुद्धा. प्रयोग संपल्यावर किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, काय मोडले, कोण उशिरा आले, याचा अहवाल लिहायचा. आमच्या पस्तीस मिनिटांच्या एकांकिकेत अशा ३८ खुणा निघाल्या. त्या लिहून काढल्यावर संहिता मला पहिल्यांदा नीट समजली, हे आपल्या मराठीच्या प्राध्यापकांना सांगायला मला संकोच वाटत नाही. वर्गात वाचलेल्या नाटकाची रचना मी परीक्षेपुरती पाठ केली होती. तीच रचना विंगेत मी मिनिटांत मोजली.

आता कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्त्यांचे चोचले. लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये रंगतंत्र आणि रंगमंचव्यवस्था या विषयाची पदवी मिळते हे खरे. पण नाट्यशास्त्रात मुकुट करणारा, दागिने घडवणारा, माळा गुंफणारा, कपडे धुणारा रजक या सर्वांची नाट्यसंस्थेतील माणसे म्हणून गणना केलेली आहे. भरताच्या माहितीपत्रकात 'इतर सर्व' नाहीत. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर तर आजही प्रयोगाची आणि दौऱ्याची सूत्रे सांभाळणाऱ्याला 'सूत्रधार' असेच म्हणतात आणि जाहिरातीत त्याचे नाव छापतात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या दिवशी दोन मंडळ्यांची माणसे, दोन कपडेपट आणि दोन रीती एका विंगेत नांदवायच्या होत्या. ते कोणी केले, याची चौकशी मात्र आपण करत नाही.

आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' घ्या. पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ चा, दिल्लीला. फिरता रंगमंच, कोर्टाचा देखावा आणि प्रभाकर पणशीकरांच्या एकट्याच्या पाच भूमिका. लखोबा लोखंड्याचा राधेश्याम महाराज होईपर्यंत प्रेक्षक टाळ्या वाजवत असतात. तेवढ्या वेळात विंगेत कोणीतरी दुसरा वेश उलगडून, बाह्या सरळ करून उभे असते. त्या माणसाचा हात चुकला तर लखोबा पकडला जाईल, तोही भलत्याच अंकात.

निर्मितीव्यवस्था हा याचाच थोरला भाऊ. नाट्यगृहाचे भाडे आणि अनामत, टेम्पो, दिव्यांचे भाडे, लेखकाची परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, सगळ्यांचा चहा. यात कायदाही येतो. तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाच्या अडचणीत सापडले, तेव्हा कमलाकर सारंगांना न्यायालयापर्यंत जावे लागले आणि ते जिंकले. त्यांचे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक मी नाट्यनिर्मितीचे पाठ्यपुस्तक म्हणून लावीन. आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत निर्मितीव्यवस्थेत शेवटची लोकलही येते. तालीम कुठवर चालवायची हे ठरवणाऱ्याला कुर्ल्याहून शेवटची पनवेल किती वाजता सुटते हे माहीत नसेल, तर त्याच्या संघात गोवंडी-मानखुर्दच्या मुली टिकणार नाहीत. मग त्यांना नाटकाची आवड नसते, असे म्हणायला तो मोकळा. माझ्या आईने पहिल्या वर्षी दोनदा तालीम बंद पाडली. दुसऱ्या वर्षी मीच तालमीचे वेळापत्रक लिहू लागले आणि आईची तक्रार थांबली.

हे शिकायला जागा आहेत, पण थोड्या आणि बहुधा पदवीनंतरच्या. दिल्लीला १९५९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. आपल्या मुंबई विद्यापीठात, कालिन्याच्या आवारात, २००३ मध्ये अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली. गोवंडीहून कुर्ला आणि तिथून कालिना, म्हणजे माझ्या घरापासून ती फार लांब नाही, पण बी. ए. ची तीन वर्षे ओलांडून तिथवर पोचेपर्यंत 'इतर सर्व' गळून गेलेले असतात. युवा महोत्सवात आपण दरवर्षी एकांकिका करतो. अभिनयाला बक्षीस, दिग्दर्शनाला बक्षीस. ज्याने वेळेत रंगमंच लावून वेळेत मोकळा केला त्याच्यासाठी बक्षीस माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कौशल्यविषयांना श्रेयांक देण्याची वाट उघडली आहे. त्या वाटेने एवढा एक विषय आत घ्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे, असे माझा एक वर्गमित्र म्हणतो, आणि त्याचे म्हणणे मला सहज उडवून लावता येत नाही. तो म्हणतो, विद्यापीठाने हा विषय घेतला की तो चांगल्या घरची मुले घेतील, लॅपटॉप घेऊन येतील आणि तुझ्या त्या काकांनाच हुकूम सोडतील. पडदा, दिवा, कपडेपट हे काम पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकलेल्या माणसांचे आहे. 'नाइट' मिळाली तर पैसे, प्रयोग रद्द झाला तर नाही, असे त्यांचे जिणे. त्यांच्या डोक्यावर पदवीधर कशाला बसवता?

मला हे भय खरे वाटते. म्हणून हा विषय शिकवायचा तर तो त्या माणसांना वगळून शिकवता येणार नाही, असे माझे मत आहे. आगीच्या प्रसंगी मला जे ठाऊक नव्हते ते काकांना ठाऊक होते : मेणबत्तीचे नाटक असेल तर पोते आधीच भिजवून ठेवायचे. हे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते आणि त्यांच्यामागे ते कुठे लिहिलेलेही राहणार नाही. त्यांना वर्गात खुर्ची आणि तासाचे मानधन द्यावे, आम्ही त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. पण त्यांनाही एक गोष्ट मिळत नव्हती, ती म्हणजे 'पाड' म्हणणारा माणूस. अनुभव त्यांच्याकडे होता, अधिकार नव्हता. आमच्या दिग्दर्शकाकडे अधिकार होता, पण तो शेवटच्या रांगेत होता. या दोन टोकांच्या मध्ये उभे राहणारे माणूस तयार करणे, हे विद्यापीठाचे काम नाही तर कोणाचे? वांद्रे-कुर्ला संकुलात नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर २०२३ मध्ये उघडले आणि त्याच वर्षी तिथे 'द साउंड ऑफ म्युझिक' ही परदेशी संगीतिका आली. आमच्या कुर्ल्याच्या शेजारी एवढा रंगमंच उभा राहावा आणि त्याच्या विंगेत उभे राहण्याचे शिक्षण आमच्या भागातल्या एकाही मुलामुलीने घेतलेले नसावे, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'पानी' म्हणणाऱ्यांची सोय म्हणून हा विषय काढू नये. तसे झाले तर तळाच्या ओळीतली माणसे तळाच्या ओळीतच राहतील, फक्त त्यांच्या हातात प्रमाणपत्र असेल. ज्याला उत्तम बोलता येते त्यालाही विंगेत यावेसे वाटले पाहिजे. आणि मला 'पाणी' म्हणायला शिकायचे असेल तर तेही कोणीतरी शिकवले पाहिजे. (सध्या मी शिकते आहे. घरी सगळे हसतात.) पदवीनंतर कालिन्याच्या अकादमीची प्रवेश परीक्षा द्यायचे मी ठरवले आहे. वडिलांचे मत बी. एड. कडे आहे. त्यांची काळजी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. नाइटवर घर चालते का, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

यंदाच्या एकांकिकेच्या वेळी आम्ही तालमीच्या पहिल्या दिवशीच ठरवून घेतले, की प्रयोग चालू असताना थांबवण्याचा अधिकार वही धरणाऱ्याचा. दिग्दर्शकाने दोन दिवस घेतले, मग सही केली. माहितीपत्रकातही 'रंगमंच व्यवस्था' या शब्दांपुढे सहा नावे स्वतंत्रपणे छापून आली, त्यांतले एक चुकीचे छापले गेले हा भाग वेगळा. नाट्यगृहात पोचल्यावर मी आधी पडद्यापाशी गेले आणि तिथल्या माणसाला सांगितले, "पाड म्हणायचं ते मी म्हणणार."

दोन्ही वर्षांच्या वह्या मी ग्रंथालयात ठेवल्या आहेत. पुढच्या मंडळींनी त्या जरूर न्याव्यात, नेताना नोंद मात्र करावी. मागच्या वर्षीच्या वहीत यादीच्या पानावर मेण सांडलेले आहे. ते खरवडू नये, खाली बादलीची नोंद मी नंतर केली आहे ती पुसली जाईल.