ओढ्यांतील जीव आणि आमचीं औषधें

लोणंदच्या बाजारांत कांद्याच्या गाड्या उभ्या राहूं लागल्या, कीं भावाची चर्चा घरोघर चालते. परंतु तो कांदा पिकवितांना फुलकिड्यांवर जीं औषधें मारलीं, त्यांचें पुढें काय झालें, हें विचारणारा क्वचितच आढळतो. कांद्याची पात गुळगुळीत. तीवर सगळा फवारा बसत नाहीं, बराचसा जमिनीवर पडतो. मोठा पाऊस येतांच त्याचा कांहीं अंश मातीबरोबर ओढ्यांत व ओढ्यांतून नीरेंत जातो. शिवाय पंप धुण्यास ओढ्याइतकी सोयीची जागा नाहीं, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज आहेच. याविषयीं कोणीं शब्द काढला, तर उत्तर ठरलेलें असतें : "ओढ्यांत गोगलगाई आहेत, किडे वळवळत आहेत, पाणी विषारी असतें तर हे जगले असते काय?" हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो; पण तो चुकीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एकाच विषास सर्व जलचर सारखे बळी पडत नाहींत. फुलकिड्यांना मारणारें औषध गोगलगाय बहुधा सहज सोसते. तीच गोगलगाय मोरचुदाच्या थोडक्या अंशानें मरते. इमिडाक्लोप्रिडचें उदाहरण तर विचार करावयास लावणारें आहे. प्रयोगशाळांत औषधांची परीक्षा ज्या पाणपिसवेवर करतात, त्या डॅफ्नियाच्या मोठ्या जातीस बाधा होण्यास लिटरमागें कित्येक मिलिग्रॅम इमिडाक्लोप्रिड लागतें. परंतु पंख फुटल्यावर एक-दोन दिवसच जगणारी जी नाजूक माशी आहे, तिच्या पाण्यांतील पिलांना मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंश चार आठवडे राहिल्यास घातक ठरतो, असें युरोपांतील प्रयोगांत दिसून आलें आहे. फरक हजारोंपट. उलट क्लोरपायरीफॉसपुढें तीच पाणपिसू अत्यल्प अंशांत गतप्राण होते. तेव्हां एका जिवावर परीक्षा घेऊन सगळ्या ओढ्याचा निर्वाळा देणें म्हणजे एका वाफ्यावरून सगळ्या शिवाराचा अंदाज बांधणें होय.

येथपर्यंत भिन्न जातींची गोष्ट झाली. पण एकाच जातीचे, दोन ओढ्यांतले जीवही सारखे नसतात, हें आम्हां शेतकऱ्यांस खरें तर सांगावयास नको. पूर्वी एका फवाऱ्यानें हटणारे फुलकिडे आतां त्याच औषधास दाद देत नाहींत, हा अनुभव आपण घेतोंच. विक्रेता तेवढा नवी बाटली पुढें करून मोकळा होतो. जें पातीवर घडतें, तेंच पाण्याखालीं घडतें. हायालेला अ‍ॅझ्टेका नांवाचा, झिंग्याच्या दूरच्या कुळांतला एक इवलासा जीव अमेरिकेंत पाणी तपासण्यासाठीं वापरतात. कॅलिफोर्नियांतील शेतीच्या व शहरांच्या पाण्यांत राहणाऱ्या त्याच्या कांहीं वसाहती पायरेथ्रॉइड औषधांस पांचशें पटींहूनही अधिक निर्ढावल्या आहेत, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या मज्जातंतूंतील ज्या ठिकाणीं हें औषध आघात करतें, त्या ठिकाणाची घडणच बदललेली आढळली. असा निर्ढावलेला जीव मरत नाहीं, पण विष अंगांत सांठवितो. आणि त्याला खाणाऱ्या माशाच्या पोटांत तें जातें. म्हणजे ओढ्यांत किडा जिवंत दिसणें हा पाण्याच्या निर्मळपणाचा दाखला नव्हे. कित्येकदां तो उलट पुरावा असतो.

आपल्याकडे याचा सर्वांत जुना धडा डासानें दिला. मुंबई इलाख्यांतील कानडा व धारवाड जिल्ह्यांत १९४६ सालीं डी. डी. टी. ची मोहीम निघाली, तेव्हां हिंवताप झपाट्यानें ओसरला. परंतु कालव्यांच्या कडेला व पाझराच्या पाण्यांत वाढणारा अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस हा डास १९५९ च्या सुमारास गुजरातेंत त्या औषधास जुमानीनासा झाला, व पुढें महाराष्ट्रांतही तोच प्रकार झाला. डासाची पिढी पंधरा दिवसांत पुरी होते, म्हणून तो लवकर निर्ढावतो. त्याच्या अळ्या खाणारी चतुराची अळी मात्र कितीतरी सावकाश वाढते. तिला तेवढी सवड मिळत नाहीं. नीरेच्या उजव्या कालव्याखालीं राहणाऱ्या आम्हांस या दोहोंपैकीं कोण हवा, हें सांगण्याची गरज नसावी.

पाडेगांवचें ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आपल्या शेजारीं आहे. कालव्याखालच्या सर्व जमिनींस एकच माप लावूं नये, हें त्या केंद्राच्या माती-परीक्षणानेंच आपणांस शिकविलें. तोच न्याय पाण्यास लावावा. भोरकडील डोंगरांतल्या एका ओढ्यांतले आणि कांद्याच्या शिवारांतल्या एका ओढ्यांतले सारख्याच जातीचे जीव आणून, दोहोंची परीक्षा एकाच औषधावर घ्यावी, अशी मागणी आपल्या मंडळानें राहुरीच्या कृषि विद्यापीठाकडे करावी, असें आम्ही सुचवितों. खर्च फार नाहीं. दोन पिंपें व चार कांचेच्या टाक्या यांचें हें काम.

तोंपर्यंत निदान पंप ओढ्यावर नेऊं नये. धुतलेलें पाणी त्याच पिकावर परत फवारून टाकावें. औषधाचाही तेवढा अंश वांया जात नाहीं. ओढ्याकांठची हातभर रुंद गवताची पट्टी नांगरूं नये. आषाढी वारींत माउलींच्या पादुकांस नीरेंत स्नान घालून पालखी लोणंदला येते, तेव्हां आपण सारे त्या पाण्यास हात जोडतों. आणि त्याच सुमारास खरिपाच्या पहिल्या फवारणीसाठीं पंप बाहेर निघालेले असतात.