मातीच्या पत्रिकेत जिवंत काहीच नाही



कुणकेश्वर हे देवगड तालुक्यातलं समुद्राकाठचं शिवस्थान. तिथं कणक जातीच्या बांबूची राई होती, त्यावरून देवाला नाव पडलं असं सांगतात. सिंधुदुर्गात गावोगाव देवाच्या राया अजून आहेत. कपाशी-ज्वारीवाल्याला त्यांचं काय? एवढंच, की त्या मातीत नांगर शिरलेला नाही.

मूठभर मातीत शेकड्यांनी, कधी हजारांनी सूत्रकृमी असतात. बहुतेक एक मिलिमीटरच्या आतबाहेर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. तोंडात सुई असली तर तो बहुधा मुळं किंवा बुरशी टोचून खाणारा. साधी नळी असली तर जिवाणू खाणारा. याच्या खाण्यातून नत्र मोकळा होतो आणि पिकाला मिळतो. दात असला तर तो इतर सूत्रकृमींना खाणारा शिकारी. न हलवलेल्या मातीत मोठे, सावकाश वाढणारे प्रकार टिकतात. नांगरट आणि विषानं तेच आधी जातात. त्यांच्या प्रमाणावरून माती किती बिघडली हे मोजायची रीत हॉलंडच्या बाँगर्स यांनी 1990 सालीच मांडली.

आपल्याकडे 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. बारा रकाने. नत्र, स्फुरद, पालाशपासून सामू आणि सेंद्रिय कर्बापर्यंत. जिवंत जिवाचा एकही नाही. आरोग्य म्हणायचं आणि नाडी बघायची नाही!

याची किंमत आपण मोजतो. कपाशी खुजी राहिली, पिवळी पडली की दुकानातून उधारीवर खत नाहीतर औषध येतं. मुळावर रेनिफॉर्म सूत्रकृमी असेल तर ते पैसे पाण्यात. हा कृमी ज्वारीवर पोसत नाही, म्हणजे कपाशीनंतर ज्वारी ही वाडवडिलांची फेरपालटच तिथं औषध. पण मुळाला गाठी करणारी जात असेल तर ज्वारीचा भरवसा देता येत नाही. जात ओळखल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. फोरेटच्या दाण्यांनी भले-बुरे दोन्ही मारले. 2020 च्या अखेरीस फोरेटवर बंदी आली, पण मातीतून काय गेलं ते पत्रिकेत कुठं आहे?

राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं, चांगली गोष्ट आहे. पण पिकाचे शत्रू ओळखून भागणार नाही, निरोगी माती कशी असते तेही कळायला हवं. कोकणातल्या जांभ्या मातीचं माप आपल्या काळ्या रानाला चालणार नाही. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात न नांगरलेला एक तुकडा, राई किंवा जुनं जंगल, निवडा. तिथल्या जाती ओळखा आणि शेजारच्या शेताशी ताडून बघा. माती नरसाळ्यात पाण्यावर ठेवली की रात्रभरात कृमी खाली उतरतात, ही रीत 1917 सालची आहे. तिला खर्च नाही. दुर्मीळ आहे तो सूक्ष्मदर्शकातून बघून जात सांगणारा माणूस. असा माणूस जिल्ह्याला एक तरी नेमा, ही आपली मागणी.

येत्या जिल्हा बैठकीत तसा ठराव मांडायचा आहे. ज्यांच्या शिवारात असा तुकडा असेल, त्यांनी त्याचा गट नंबर लिहून आणावा.