सायकल लादा, पण नंबर झाकू नका

पाऊस ओसरला की शनिवारी पहाटे नगर, संगमनेर, श्रीरामपूरहून गाड्या भंडारदरा-घाटघरच्या वाटेला लागतात आणि त्यातल्या काहींच्या डिकीवर सायकली बांधलेल्या असतात. ते कॅरिअर आपल्यापैकीच कुणा ॲक्सेसरी विक्रेत्याने किंवा गॅरेजवाल्याने बसवून दिलेले असते. पट्टे घट्ट ओढलेले, काचेला चरा जाऊ नये म्हणून रबर लावलेले, काम एकदम चोख. पण मागे उभे राहून पाहिले तर सायकलचे चाक आणि पेडल नेमके नंबर प्लेटवर आलेले दिसते. एमएच 16 की एमएच 17, तेही वाचता येत नाही. असे काम पुरे झाले असे आम्ही मानत नाही.

नियम स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 प्रमाणे विहित पद्धतीने नंबर लावल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 105 नुसार मागच्या नंबरवर पांढरा उजेड पडला पाहिजे आणि तो 15 मीटरवरून वाचता आला पाहिजे. कारच्या प्लेटवरचे अक्षर 65 मिलिमीटर उंचीचे असते. चाकाचा टायर किंवा लोंबता पट्टा आडवा आला, तर एखादा आकडा सहज झाकला जातो. आणि एक आकडा झाकला की नंबर गेलाच.

याचे मोल दंडाच्या पावतीपुरते नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. नंबर कळला, तर दावा न्यायाधिकरणापुढे जातो आणि मृताचे वय, कमाई, अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या घराला तो नंबर एवढा मोलाचा असतो.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. गळीत हंगामात लोणी, कोपरगाव, भेंडा, सोनई या भागांत ट्रॉलीच्या मागे लोंबणारा ऊस टेललॅम्प, रिफ्लेक्टर आणि नंबर एकदमच झाकतो. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते तोवर ब्रेक लावायलाही अंतर उरत नाही. म्हणूनच हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घ्याव्या लागतात. ऊस असो की सायकल, मागे लादलेल्या मालाने वाहनाची ओळख आणि दिवे झाकले, तर धोका तोच.

दुसरी अडचण रुंदीची. मोठ्या माणसाची सायकल साधारण 1.7 ते 1.8 मीटर लांब असते आणि अल्टो के10 ची रुंदी 1.49 मीटर आहे. डिकीवर आडवी बांधलेली सायकल दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेंटिमीटर तरी बाहेर येणारच. वाहनाच्या मर्यादेबाहेर गेलेल्या मालासाठी कलम 194 (1अ) मध्ये 20,000 रुपये दंड आहे. ग्राहकाला हे कॅरिअर विकण्याआधी सांगायचे, दंड भरून आल्यावर नव्हे.

यावर काही जण झटपट उपाय करतात. कॅरिअरच्या दांडीवर साधी प्लेट रंगवून लावतात किंवा मूळ एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) काढून तिथे बसवतात. दोन्ही चूक. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या एचएसआरपीसहच येतात आणि जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. रंगवलेल्या प्लेटवर ना होलोग्राम, ना लेझरने कोरलेला क्रमांक. आणि एचएसआरपीचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा बसत नाही.

इतर देशांनी याची सोय केली आहे. नेदरलँड्समध्ये सायकल कॅरिअरसाठी वेगळी पांढरी प्लेट मिळते. जर्मनीत कॅरिअरवर नंबराची प्रत लावता येते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये नोंदणी खातेच जादा प्लेट देते. आपल्याकडेही कॅरिअरसाठी तिसरी एचएसआरपी आणि तिच्यासोबत दिव्यांची पट्टी अधिकृतपणे मिळाली पाहिजे, अशी आमची परिवहन खात्याकडे आणि केंद्रीय मंत्रालयाकडे मागणी आहे. वाहने आणि सुटे भाग तपासण्याचा अधिकार असलेली व्हीआरडीई ही संस्था आपल्या वाहननगरातच आहे. कॅरिअरचे मानक ठरवायचे तर तपासणीसाठी दूर जायला नको.

ती सोय होईपर्यंत जबाबदारी आपली. ग्राहक आला की आधी सायकल आणायला सांगा. रिकाम्या कॅरिअरवर नंबर बहुधा दिसतोच. सायकली चढवून गाडीच्या मागे वीस पावले जा आणि नंबर मोठ्याने वाचा. मग अंधारात हेडलाइट लावून पुन्हा वाचा. दोन्ही टेललॅम्प, इंडिकेटर आणि काचेवरचा तिसरा ब्रेकलाइट दिसतो का, तेही पाहा. काही झाकले जात असेल, तर सायकल वर उचलून बांधता येते का बघा. तरीही जमत नसेल, तर ते कॅरिअर त्या गाडीसाठी नाही. छोट्या गाडीला सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे पुढचे चाक काढून, मागची सीट पाडून सायकल आत ठेवणे. गाडीच्या कंपनीने छतासाठी मान्य केलेला रॅक असेल, तर तो सुचवा. त्यात नंबरही झाकत नाही आणि दिवेही. सहल संपली की रिकामे कॅरिअर उतरवून ठेवायला सांगायला विसरू नका.

या सल्ल्याने एखादी विक्री हुकेल. शेजारच्या दुकानात तेच गिऱ्हाईक तेच कॅरिअर बसवून घेईल, हेही आम्ही जाणतो. म्हणून ही गोष्ट एकट्यादुकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून पाळायची आहे. प्रत्येक तालुक्यातल्या ॲक्सेसरी विक्रेत्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी यंदाच्या सहलीच्या हंगामाआधी एकत्र बसावे आणि एवढे एकच ठरवावे: सायकल चढवल्यावर मागचा नंबर वाचता येत नसेल, तर गाडी दुकानाबाहेर सोडायची नाही.