कोपरीतले तीन संच

ठाण्याच्या कोपरी कॉलनीत आमच्या मजल्यावर राहणाऱ्या दादींच्या कपाटात एक खाकी पाकीट आहे. आत त्यांच्या सासऱ्यांनी सिंधमध्ये सोडलेल्या घरादाराच्या ‘क्लेम’चे कागद आहेत. घड्यांवर चिरलेले, मागून पातळ कागद चिकटवून जपलेले. त्यांचे झेरॉक्सचे तीन संच आहेत. एक इथे, एक लेकीकडे उल्हासनगरला, एक दिरांकडे अजमेरला. नातवाने पाचेक वर्षांपूर्वी हे सगळे स्कॅन करून ड्राइव्हवर टाकले होते. पुढे फोनचा नंबर बदलला. आता खाते उघडायला ओटीपी लागतो आणि तो बंद पडलेल्या नंबरावर जातो. कंपनीला लिहून झाले, उत्तर ठरावीक साच्याचे. खाकी पाकीट मात्र हात घातला की मिळते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कोपरीत वसली, कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. १९५० च्या कायद्याने निर्वासितांना मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवता आले, १९५४ च्या कायद्याने भरपाईची वाट झाली. पण दाव्याला पुरावा हवा, आणि मूळ दफ्तर राहिलेले सरहद्दीपलीकडे. नोंद एकाच कचेरीत असणे म्हणजे काय, हे या वस्तीने सोसलेले आहे. विकेंद्रित साठवणीचा विचार करायला मला म्हणूनच कोपरीपासून सुरुवात करावीशी वाटते.

‘क्लाउड’ या शब्दाने आपली फार फसगत केली आहे. आकाशात काहीही नसते. खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या थंडगार इमारती उभ्या आहेत, तसल्याच इमारतींत आपले फोटो, सातबारे आणि मार्कशीटा राहतात. इमारतीला आग लागू शकते. दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक ड्राइव्हवरची ८५८ टेराबाइट माहिती जळाली. तिची दुसरी प्रत बाहेर कुठेही नव्हती. इतका प्रगत देश, आणि प्रत एकच!

विकेंद्रित साठवण हे उलटे करू पाहते. स्टोर्जसारख्या व्यवस्थेत फाइल आधी कुलूपबंद होते, मग तिचे साधारण ८० तुकडे निरनिराळ्या ठिकाणच्या, निरनिराळ्या मालकांच्या संगणकांवर जातात. त्यांतले कोणतेही २९ परत मिळाले की पूर्ण फाइल उभी राहते. २०२० मध्ये सुरू झालेल्या फाइलकॉइनमध्ये जागा भाड्याने देणाऱ्याला माल आपल्याकडे खरोखर आहे हे गणिताने पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते, आणि त्या पुराव्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून पुसता न येणाऱ्या नोंदींच्या सार्वजनिक साखळीवर, होते. आयपीएफएसमध्ये तर फाइलचा पत्ताच तिच्या मजकुरातून निघतो. त्या पत्त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक वेलांटी बदलली तरी हॅश पार बदलतो.

ही वेलांटी मराठी माणसाने हसण्यावारी नेऊ नये. ज्ञानेश्वरी हातोहात उतरवली गेली म्हणून टिकली, आणि हातोहात उतरवली गेली म्हणूनच तिच्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी जुन्या प्रती जमवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले. त्या काळी त्यांच्यापाशी विद्वत्ता आणि अधिकार होता. हॅश देतो तो नुसता पडताळा, पण शुद्ध प्रत एकदा ठरली की तो पडताळा कुणालाही, कुठेही, क्षणात करता येतो.

आणि कुलूप? तेही आपण पूर्वी लावून पाहिले आहे. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्राची मूळ पोथी खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली, अशी पंथाची परंपरा सांगते. हिराइसेसारख्या अनुयायांना लीळा मुखोद्गत होत्या, त्या आठवणींतून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. पुढे चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत घातले आणि मठामठांतून जपले. पुष्कळ प्रती, पुष्कळ ठिकाणे, वर गुप्त लिपी! आजची यंत्रणा याहून वेगळे ते काय करते? ग्रंथ टिकले. पण किल्ली पंथाबाहेर कुणाकडेच नव्हती, म्हणून मराठीतले हे पहिले मोठे गद्य कित्येक शतके मराठी वाचकापासूनच दूर राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनीही हे वाङ्मय लोकांपुढे आणण्यासाठी खूप खपून काम केले. भावे ठाण्याचे, मिठाच्या व्यापारातले. १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणाऱ्यांत तेच पुढे होते. मीठबंदर रोडवरून जाताना मला त्यांची आठवण होते.

आजच्या विकेंद्रित साठवणीतली मोठी जोखीम मला इथेच दिसते. तिथे किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती हरवली तर सगळे तुकडे सुखरूप असूनही फाइल मेलेली. दाद मागायला खिडकी नाही. शिवाय आयपीएफएसवरची फाइल कुणीतरी मुद्दाम धरून ठेवली तरच राहते, फाइलकॉइनमध्ये कराराची मुदत आणि भाडे संपले की हमी संपते, आणि या जाळ्यांतले पुष्कळसे संगणक शेवटी मोठ्या क्लाउड कंपन्यांच्याच भाड्याच्या जागेत असतात. ‘कायमचे’ हा शब्द जाहिरातीत दिसला की मी थबकतो.

महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात एक शहाणी वाट धरली. सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनला जोडायचे ठरले, म्हणजे दाखला बनावट नाही ना हे कुठूनही ताडता यावे. ज्या आदिवासी मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरी एका कागदावर अडते, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. माझे मत असे, की साखळीवर शिक्का असावा, कागद नसावा. माणसाचा दाखला सार्वजनिक साखळीवर गेला तर तो पुसता येत नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने तर नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा हक्क दिला आहे.

मग कागद कुठे ठेवावेत? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातून १९९९ मध्ये लॉक्स नावाचा प्रकल्प निघाला. त्यात ग्रंथालये एकमेकांच्या प्रती बाळगतात, त्या वेळोवेळी ताडून पाहतात आणि कुणाची बिघडली तर दुसऱ्याकडच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करतात. नाणे नाही, सट्टा नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, १८६४ चे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, दोन्ही महापालिकांची दफ्तरे यांनी असे एकमेकांचे जामीन व्हायला काय हरकत आहे? चार संगणक, चार जबाबदार माणसे आणि दर तिमाहीला पडताळणी, एवढ्याने सुरुवात होते. कोळीवाड्यांचे जुने नकाशे, गिरण्या-कारखान्यांच्या युनियनची इतिवृत्ते, निर्वासितांचे क्लेम, हे सगळे आज कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर एकेकट्या प्रतीत पडून आहे, आणि दर पावसाळ्यात त्यातले थोडे कमी होते.

गेल्या महिन्यात दादींनी तिन्ही संच समोर मांडून घेतले. प्रत्येक संचाच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे, उरलेले दोन कुणाकडे आहेत, मूळ कागदातली कुठली ओळ कशाबद्दल आहे. लिहिणारे सासरे. भाषा सिंधी, लिपी अरबी वळणाची. नातवाला सिंधी बोलता येते, ही लिपी वाचता येत नाही. घरात ती वाचणाऱ्या आता एकट्या दादी. चष्मा पुसून त्या एकेक ओळ मोठ्याने वाचत होत्या आणि नातू वहीत देवनागरीत उतरवून घेत होता. दोन पाने झाली, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले आणि एका नावातली वेलांटी दुरुस्त करायला लावली.