स्क्रीन सुरू करण्याआधी विचारायचे तीन प्रश्न



‘उद्याचा शिक्षक आणि तंत्रज्ञान’ असा विषय दिला की बहुतेक निबंध एकाच वाटेने जातात. आधी ‘आजचे युग हे तंत्रज्ञानाचे युग आहे’, मग स्मार्ट बोर्ड आणि टॅबचे फायदे, मग दोन-तीन तोटे आणि शेवटी ‘तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे’. यात खोटं काहीच नाही. पण हा निबंध लिहून उद्या वर्गात उभं राहणाऱ्या छात्राध्यापकाला, सोमवारी परिसर अभ्यासाच्या तासाला नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

तंत्रज्ञान वापरावं की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, २०१७ पासून दीक्षा आहे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तंत्रज्ञानाबद्दल स्वतंत्र मांडणी आहे. आता ठरवायचंय ते इतकंच, की कोणत्या पाठाला वापरायचं, किती वेळ आणि कुणाच्या हातात द्यायचं. त्यासाठी स्क्रीन सुरू करण्याआधी प्रत्येक शिक्षकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असं माझं मत आहे.

१) हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतं का?

बी कसं रुजतं, याचा छान व्हिडिओ मिळतो. चाळीस सेकंदांत कोंब येतो, पानं फुटतात, पाठ संपतो. पण मूठभर मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवली, तर मोड यायला एखादा दिवस लागतो. हरभरा मातीत पेरला तर आणखी थांबावं लागतं. मुलं सकाळी आल्या आल्या आधी तिकडे धावतात. कुणाचं पाणी जास्त होऊन बी कुजतं, कुणाचं कोरडं राहतं. ‘का कुजलं?’ हा प्रश्न तिथूनच येतो. व्हिडिओत बी कधी कुजत नाही, म्हणून तो प्रश्नही येत नाही.

याउलट लातूर-बीडकडच्या मुलाला भरती-ओहोटी कशी दाखवणार? छातीतलं हृदय कसं आकुंचन पावतं, हे कसं दाखवणार? तिथे व्हिडिओ हवाच, आणि तो न दाखवणं हा मुलांवर अन्याय आहे. दोन-तीन मिनिटांचा तुकडा दाखवा, मध्येच थांबवा, ‘आता पुढे पाणी कुठे जाईल?’ असं विचारा आणि मग पुढे चालू करा. दारातली गोष्ट दारात दाखवायची, दूरची स्क्रीनवर, एवढा साधा हिशोब आहे.

मटकीच्या प्रयोगातही मोबाईलला काम आहेच. रोज त्याच जागेवरून एक फोटो काढायला मुलांना सांगा. आठवड्याने ते फोटो ओळीने पाहिले की वाढ डोळ्यांना दिसते. तो व्हिडिओ मुलांनी स्वतः केलेला असतो.

२) स्क्रीन सुरू असताना मूल काय करणार आहे?

‘बघणार’ एवढंच उत्तर असेल, तर पुन्हा विचार करा. बघताना वर्ग शांत असतो आणि ती शांतता आपल्याला शिकण्यासारखी वाटू लागते.

माझ्या मते प्राथमिक वर्गात मोबाईलचा सर्वात चांगला उपयोग म्हणजे आवाज रेकॉर्ड करणं. त्याला नेट लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, लाईट गेली तरी चालतं. दुसरी-तिसरीच्या मुलाचं एका उताऱ्याचं वाचन रेकॉर्ड करा आणि त्यालाच ऐकवा. आपण जोडाक्षराला अडखळलो, पूर्णविरामाला थांबलोच नाही, ‘बाळ’ऐवजी ‘बाल’ म्हणालो, हे मुलाला स्वतःच्या कानाने कळतं. बाईंनी दहा वेळा सांगून जे होत नाही, ते इथे होतं. पंधरा दिवसांनी तोच उतारा पुन्हा वाचायला द्या आणि दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकवा. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा हे पालकांना जास्त समजतं.

तसंच आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बाजारातल्या मावशींची मुलाखत, गावातल्या जुन्या विहिरीची माहिती मुलांना गोळा करू द्या. मात्र ही रेकॉर्डिंग आणि मुलांचे फोटो आपल्या स्टेटसला टाकण्यासाठी नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ गावभर फिरावा का, हे आपल्यालाही कळतं.

३) ज्याच्या घरी फोन नाही, त्याचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त टाळला जातो. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की आपलं काम सोपं होतं. पण घरात एकच फोन असेल तर तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठ-नऊला परत येतो. तोवर रिचार्ज संपलेला असतो किंवा मूल झोपलेलं. दुसऱ्या दिवशी ‘गृहपाठ का केला नाही?’ म्हणून उभं राहतं ते हेच मूल. बहीण-भाऊ असतील, तर फोन आधी कुणाच्या हातात जातो, तेही पाहा.

आणि फोन आहे म्हणजे अभ्यास होतो, असंही नाही. ‘असर २०२४’ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता; समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. म्हणून माझा आग्रह असा की तंत्रज्ञान शाळेच्या वेळेत, शाळेच्या साधनावर, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर वापरावं. घरचा अभ्यास वही-पेन्सिलीने होईल असाच द्यावा. ग्रुप सूचनांसाठी ठेवावा.

एआयचं काय?

आता पाठ टाचणही एआय लिहून देतं. भावी शिक्षकांनो, ते वापरा, पण त्याच्या हाती वर्ग देऊ नका. तुमच्या आठवडी बाजारातले भाव सांगून त्यावर वजाबाकीची वीस उदाहरणं मागितली, तर ती मिळतील. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळताना ही मोठी मदत आहे. मात्र प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहा, भाषा तपासा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली मुलं एप्रिलमध्ये परत येतात, तेव्हा त्यांना कुठून सुरुवात करून द्यायची, हे त्या टाचणात नसतं. ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

२०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळालेले सोलापूर जिल्ह्यातल्या पारितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. त्यांचं नाव निघालं की आपण क्यूआर कोडबद्दल बोलतो. पण पुस्तकाची भाषा आणि मुलींची घरची भाषा वेगळी आहे, हे त्यांनी आधी ओळखलं. त्यांनी कन्नड शिकून घेतलं, पुस्तकातला मजकूर मुलींच्या भाषेत आणला. कोड त्यासाठी होता. अडचण आधी सापडली, साधन नंतर आलं.

पालकांना एकच विनंती. ‘शाळेत स्मार्ट बोर्ड आहे का?’ हे जरूर विचारा. पण संध्याकाळी मुलाला ‘आज बोर्डवर काय पाहिलंस, मला सांग बरं’ असंही म्हणा. मूल हातवारे करून, चार वाक्यांत का होईना, सांगू लागलं तर त्या बोर्डाचे पैसे वसूल झाले. नुसतं ‘व्हिडिओ पाहिला’ म्हणालं, तर शाळेत येऊन आम्हाला विचारा. तो तुमचा हक्क आहे.